ई-मुलाकात: सेवा कामाची आहे, पण आधी हातात नंबर हवेत

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला की आत गेलेल्याच्या घरच्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. भेटायला कधी मिळेल, आणि सुटेल कधी? आज या दोन्हींची बरीचशी उत्तरं मोबाइलवर मिळतात, तीही फुकट. भेटीसाठी ई-मुलाकात आहे, तारखेसाठी ई-कोर्ट्स आहे, आणि जामीन होऊनही माणूस आतच राहिला तर ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीतली नोंद आहे. तिन्ही यंत्रणा सरकारी, एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेने बांधलेल्या. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या कुटुंबाला त्यांचा किती उपयोग होतो, त्या कुठे अडतात आणि अडू नयेत म्हणून काय करायचं, ते इथे मांडलं आहे.

मत आधीच सांगतो. यंत्रणा चांगली आहे, ती वापरावी. पण प्रत्येक खिडकीवर ती एखादा नंबर किंवा नोंदीतलं अचूक नाव मागते, आणि ते पहिल्या दिवशी घरच्यांना आपणहून कोणी देत नाही. अर्ज फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

या सेवेची गरज किती आहे ते एका आकड्यावरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग आकडेवारीनुसार देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे, की ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. तुरुंग सरासरी १३१ टक्के भरलेले. यातला मोठा वर्ग मजुरी करणाऱ्यांचा. रावेर-यावलकडे केळीच्या कापणीवर जाणारा किंवा कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस आत गेला, तर मागे राहिलेल्या घराला भेटीसाठी त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि वर एसटीचं भाडं द्यावं लागतं. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरून येणाऱ्याला धुळ्याची मुलाकातही एका दिवसात आटोपेलच असं नाही. शिक्षा लागून माणूस नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात गेला, तर भेटी वर्षातून दोन-तीनवरच येतात. व्हिडिओ मुलाकात नेमकी या घरांच्या उपयोगाची. मार्च २०२० मध्ये करोनामुळे प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या तेव्हा तिचा वापर खऱ्या अर्थाने वाढला, आणि नंतर ती टिकली हे चांगलंच झालं.

अर्जाआधीची चिठ्ठी

फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून घ्या: माणूस नेमक्या कोणत्या कारागृहात आहे, त्याचा बंदी क्रमांक, पोलीस ठाणं आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) वर्षासकट, लावलेली कलमं, न्यायालयाचं नाव, केस दाखल झाली असेल तर सीएनआर नंबर (न्यायालयाने केसला दिलेला ओळख क्रमांक), आणि वकिलाचा फोन. बंदी क्रमांक कारागृहाच्या गेटवर किंवा मुलाकात नोंदणीच्या खिडकीवर विचारला तर मिळतो. गु.र.नं. आणि कलमं एफआयआरवर असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर प्रसिद्ध होतात, तिथून प्रत उतरवून घेता येते. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे दिसत नाहीत, त्यासाठी वकिलाकडे किंवा पोलीस ठाण्यात जावं लागतं.

कारागृहाचं नाव गृहीत धरू नका. अटक एका तालुक्यात झाली म्हणून माणूस जवळच्याच कारागृहात असेल असं नाही. गर्दी झाली की बंदी दुसरीकडे वर्ग करतात आणि ही बातमी घरी उशिरा पोचते. चुकीच्या कारागृहाकडे गेलेला अर्ज सरळ नामंजूर होतो, आणि नामंजुरीच्या संदेशात तो आता कुठे आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं.

सगळ्यात जास्त घोळ नावाच्या स्पेलिंगचा. तुरुंगाच्या संगणकात नाव इंग्रजीत असतं आणि ते वॉरंटवरून उतरवलेलं असतं. आता ‘पावरा’ हे आडनाव घ्या. मधल्या ‘वा’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू, आणि त्यापुढे कोणी एक ए लिहितो, कोणी दोन. ‘वसावे’, ‘वळवी’, ‘सोनवणे’ यांचीही तीच गत. आधार कार्डावर एक रूप, एफआयआरमध्ये दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. शिवाय अक्राणी आणि शिरपूर भागात एकाच नावा-आडनावाचे चार-पाच जण एका वेळी आत असू शकतात. तिथे वडिलांचं नाव आणि वय हीच ओळख ठरते. म्हणून वकिलाकडून रिमांड कागदाची झेरॉक्स घ्या आणि त्यावर इंग्रजीत जसं नाव असेल, अगदी चुकीचं असलं तरी, तसंच फॉर्ममध्ये लिहा. कागद मराठीत असेल तर गेटवर बंदी क्रमांक विचारतानाच नोंदीतलं इंग्रजी स्पेलिंगही उतरवून घ्या. ते दुरुस्त करणं हे वेगळं काम आहे. ते न्यायालयातून करायचं, मुलाकातीच्या फॉर्ममधून नाही.

फॉर्म भरताना

राष्ट्रीय तुरुंग माहिती पोर्टलवर ई-मुलाकातची नोंदणी आहे. फॉर्मचे दोन भाग: भेटायला येणाऱ्याची माहिती आणि ज्याला भेटायचं त्याची माहिती. पहिल्या भागात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता, नातं, मोबाइल, ईमेल, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक. दुसऱ्यात राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, वय. बरोबर आणखी कोणी असेल तर त्यांची नावंही तिथेच टाकायची. मागाहून जोडायचं म्हटलं तर नवा अर्ज करावा लागतो.

मध्ये एक छोटा रकाना आहे, भेटीचा प्रकार. तिथे प्रत्यक्ष भेट आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग असे दोन पर्याय असतात. घाईत प्रत्यक्ष भेटीचा पर्याय निवडला जातो, अर्ज मंजूरही होतो, आणि घरचे लिंकची वाट पाहत बसतात. ती येणारच नसते. मंजुरीत तारीख आहे आणि लिंक नाही असं दिसलं, की आधी हा रकाना तपासा.

नात्याच्या रकान्यात ‘नातेवाईक’ असं मोघम लिहू नका. आई, बायको, भाऊ, मेहुणा असं स्पष्ट लिहा. आत जाताना बंदी आपल्या नातेवाइकांची नावं आणि नंबर नोंदवतो. तुमचं नाव त्या नोंदीत नसेल तर परवानगी अडते, आणि हे नामंजुरीचं नेहमीचं कारण आहे. उपाय साधा आहे: वकिलामार्फत किंवा पहिल्या प्रत्यक्ष भेटीत त्याला सांगा की अमुक दोन-तीन नावं नोंदवून ठेव. बायकोच्या कार्डावर माहेरचं नाव असेल तर ते नाव आणि लग्नानंतरचं नाव, दोन्ही त्याला सांगू द्या.

सगळं भरल्यावर ओटीपी येतो, मग नोंदणी क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो कागदावरही उतरवा. अर्जाची स्थिती याच क्रमांकाने पाहता येते, आणि गेटवर काही विचारायचं झालं तर हाच क्रमांक सांगायचा.

ईमेल कोणाचा?

खानदेशाच्या खेड्यांत ही सेवा बसते ती इथे. फॉर्म ईमेल मागतो, घरात ईमेल नसतो. मग सेवा केंद्रातला मुलगा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला समोरची रांग संपवायची असते. पण मंजुरीची लिंक, वेळ आणि पिन त्याच्या मेलबॉक्समध्ये जातात. तो रविवारी केंद्र बंद ठेवतो, सोमवारी मेल पाहतो, आणि भेटीची वेळ सकाळीच टळून गेलेली असते. अर्ज मंजूर, यंत्रणा ठीक, पण भेट झाली नाही. कारागृहाच्या नोंदीत मात्र ‘भेटायला कोणी आलं नाही’ असंच राहतं.

यावर एकच उपाय आहे. ज्या घरात एक अँड्रॉइड फोन आहे तिथे त्या फोनवरच जीमेल खातं उघडा. फोन चालू करण्यासाठी ते बहुधा उघडलेलंच असतं, फक्त घरच्यांना पत्ता माहीत नसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो पत्ता पाहा आणि चिठ्ठीवर लिहा. फोन नसेल तर नात्यातल्या ज्याच्याकडे फोन आहे आणि जो भेटीच्या वेळी शेजारी बसणार आहे, त्याचाच नंबर द्या. केंद्रात अर्ज भरून घेतला तरी उठण्याआधी पडद्यावरचा मोबाइल आणि ईमेल वाचून घ्या.

सेवा पुरवणाऱ्यांनी हे दुरुस्त करायलाच हवं. ईमेल ऐच्छिक करून वेळ आणि लिंक साध्या एसएमएसने, मराठीत पाठवली तर निम्मा त्रास संपेल. बँकेत पैसे जमा झाल्याचा एसएमएस पाड्यावर पोचतो, मग मुलाकातीचाही पोचू शकतो.

भेटीच्या वेळी

ईमेलमध्ये जे ॲप सांगितलं असेल ते आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी देऊन ठेवा. ऐन वेळी ॲप उतरवायला घेतलं तर सातपुड्याच्या कुशीतल्या नेटवर्कवर ते निम्म्यावर अडतं. पाड्यावर फोर-जी नसेल तर तळोदा, शहादा, चोपडा, जिथे टॉवर जवळ आहे तिथे एखाद्या ओळखीच्या घरी बसा. चालत्या गाडीतून प्रयत्न करू नका. एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कॉल तुटतो आणि परत जोडेपर्यंत पुढच्याची पाळी आलेली असते.

फोन हातात धरू नका, भिंतीला टेकवून उभा ठेवा. उजेड चेहऱ्यावर पडेल असे बसा, पाठीमागे दार उघडं असेल तर चेहरा काळा दिसतो आणि पलीकडच्या कर्मचाऱ्याला ओळखपत्राशी तोंडवळा जुळवता येत नाही. इअरफोन वापरा. आत एका हॉलमध्ये एकाच वेळी अनेकांच्या भेटी चालू असतात, त्यामुळे आवाज घुमतो. तिथली बाजू तुमच्या हातात नाही, निदान तुमच्याकडचा आवाज परत फिरू नये.

मिनिटं मोजकी असतात, आणि त्यातली पहिली दोन ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ यातच जातात. आई पडद्यासमोर आली की ‘जेवना का रे?’ विचारते, डोळे भरून येतात, आणि वेळ संपतो. ते झालंच पाहिजे, भेट त्यासाठीच असते. पण तीन कामाच्या गोष्टी कागदावर लिहून शेजारी ठेवा: वकील भेटून गेला का, जामीनदार म्हणून कोण उभं राहील, आणि तब्येतीची काही तक्रार आहे का, औषध मिळतंय का. गुन्ह्याबद्दल, साक्षीदारांबद्दल या कॉलवर बोलू नका. ही भेट देखरेखीखाली असते. ते बोलणं वकिलाच्या भेटीत करायचं.

व्हिडिओने न होणारी कामं तीन. वकालतनाम्यावर सही लागते, ती कारागृहातच होते. कपडे देता येत नाहीत. आणि कॅन्टीनसाठी त्याच्या खात्यात पैसे भरायचे तर त्याची वेगळी पद्धत आहे, ती गेटवर विचारावी. म्हणून पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष करा, हे सगळं एका फेरीत उरका, आणि पुढच्या भेटी व्हिडिओवर घ्या. ई-मुलाकातचा खरा फायदा असा जोडून घेतल्यावरच मिळतो.

एकूण ई-मुलाकातला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण इंग्रजीच्या अटीमुळे गेला, एक ईमेलमुळे.

तारखेचं ॲप

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप यांतलं सगळ्यात भरवशाचं. पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोणत्या न्यायालयात केस आहे, हे सगळं त्यात दिसतं. सीएनआर नंबर १६ अक्षर-आकड्यांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे केसचा अनुक्रम आणि शेवटचे चार वर्षाचे. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कोणाची केस उघडते, म्हणून उघडल्यावर आधी पक्षकारांची नावं वाचा. सीएनआर नसेल तर पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकूनही शोधता येतं. नावाने शोधणं शेवटी ठेवा, तिथेही स्पेलिंगचाच खेळ.

ॲप एक गोष्ट सांगत नाही: त्या तारखेला माणसाला न्यायालयात प्रत्यक्ष आणणार की व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर पेशी होणार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार न्यायालयीन कोठडी वाढवताना आरोपीला दृकश्राव्य माध्यमातून हजर करता येतं. पोलिस कोठडीसाठी मात्र प्रत्यक्षच हजर करावं लागतं. घरचे डबा बांधून कोर्टात येतात आणि मुलगा पडद्यावर अर्धा मिनिट दिसून जातो. आदल्या संध्याकाळी वकिलाला एक फोन करून विचारलं तर ही फेरी वाचते.

एक हिशेब स्वतः ठेवायचा, ॲप तो करून देत नाही. दोषारोपपत्र ठरलेल्या मुदतीत दाखल झालं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, इतरांत ६० दिवसांची. दिवस मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दोषारोपपत्र आधी दाखल झालं तर हक्क जातो, म्हणून वकिलाचा अर्ज तयार असला पाहिजे. कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करून ठेवा.

जामीन झाला, पण माणूस आतच

हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे आणि इथेच यंत्रणा सगळ्यात जास्त कामाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितलं, की जामीन मंजूर करणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांकडे पाठवायची. अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवायची. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, म्हणजे ते स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण काय आहे ते पाहतील. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

अडचण बहुधा जामीनदाराची असते. न्यायालय सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागतं. वनहक्काची जमीन कसणाऱ्या घराकडे सातबाऱ्यावर नाव नसतं, किंवा सामाईक नाव असतं आणि बाकीचे हिस्सेदार गुजरातेत कामाला गेलेले असतात. तहसीलचा दाखला मिळायला वेळ लागतो. अशा वेळी वकिलाला लेखी अर्ज करायला सांगा, की जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडावं किंवा जामिनाची रक्कम कमी करावी. हा अर्ज तोंडी विनंतीने होत नाही.

पैसेच नसतील तर केंद्राची गरीब कैद्यांना साहाय्य करण्याची योजना आहे. २०२३ च्या सूचनांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची मर्यादा होती. निर्णय जिल्हा समितीचा, त्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या प्रकरणांना ती लागू नाही. इथेही सुरुवात होते ती ई-प्रिझन्समधल्या जामिनाच्या तारखेपासून. ती तारीख कोणी भरलीच नाही तर सात दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही आणि प्राधिकरणाला कळत नाही. म्हणून जामीन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर फक्त एवढंच विचारा: ‘साहेब, जामिनाची नोंद संगणकात झाली का?’ उत्तर ‘आदेश आला नाही’ असं आलं, तर वकिलाकडून आदेशाची प्रत आणि न्यायालयाने ईमेल कधी केला ती वेळ घ्या. प्रत पोचली तरी संध्याकाळी बंदी मोजून बराकी बंद झाल्यावर सुटका होत नाही, सकाळवर जाते. दुपारी चारच्या आत कागद पोचावा अशी धडपड करावी ती यासाठी.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चंही असंच आहे. कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळायला हवा. आधी कधीही शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्ष झालं की हा हक्क लागू. जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तरी अडतं. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संहिता येण्याआधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे. ई-प्रिझन्समध्ये अटकेची तारीख आणि कलमं असतात, म्हणजे ही यादी संगणकाने काढता येते. पण कलम चुकीचं टंकलं असेल तर हिशेबही चुकतो. घरच्यांनी चिठ्ठीवरची कलमं आणि अटकेची तारीख वकिलाला दाखवावी, त्यांना हिशेब करायला दोन मिनिटं लागतात.

वकील नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. धुळे आणि जळगावच्या जिल्हा न्यायालयात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाचं आणि लोक अभिरक्षकांचं (मोफत बचाव वकिलांचं) कार्यालय विचारलं तरी चालतं.

पायातलं कडं खानदेशाला चालेल का?

बाहेर सुटलेल्यावर लक्ष ठेवण्यासाठी जीपीएसचं कडं वापरायची चर्चा वाढली आहे. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरच्या आरोपीला असं कडं बसवलं, आणि केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवर जाणाऱ्या बंद्यांसाठी त्याची तरतूद आहे. उपकरणाचं काम सरळ आहे. उपग्रहावरून ठिकाण घ्यायचं, सिमकार्डने ते कंट्रोल रूमला पाठवायचं, पट्टा कापला तर इशारा द्यायचा.

सातपुड्यात हे तीन ठिकाणी अडेल. रोज चार्जिंग लागतं, आणि पाड्यावर वीज रोज तेवढा वेळ असेलच असं नाही. बॅटरी संपली की तो नियमभंग धरला जातो. दरीत आणि पत्र्याच्या छपराखाली ठिकाण शे-दोनशे मीटर सरकू शकतं, म्हणजे माणूस घरात झोपलेला असताना हद्दीबाहेर दिसतो. आणि टॉवर नसेल तर कडं नोंदी साठवून ठेवतं, नंतर एकदम पाठवतं. मधल्या वेळेत कंट्रोल रूमला तो बेपत्ताच. खोटे इशारे वाढले की खऱ्या इशाऱ्याकडे लक्ष जात नाही.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीने गुगल मॅप्सचा पिन तपास अधिकाऱ्याला द्यावा ही जामिनाची अट रद्द केली. सतत हालचालींवर नजर ठेवणारी अट घटनेच्या कलम २१ च्या विरुद्ध जाते, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून कडं सरसकट अट म्हणून येऊ नये, आणि आलंच तर चार्जिंग कुठे करायचं आणि बिघडल्यास कोणाला कळवायचं हे आदेशात लिहून घ्यावं.

त्यापेक्षा आज खानदेशात जास्त त्रास देते ती दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरीची अट. ऊसतोडीला गेलेला माणूस दर आठवड्याला कसा येणार? तो आला नाही की जामीन रद्द करण्याचा अर्ज होतो. यावरचा उपाय साधा आहे: कामाला जाण्याआधी वकिलामार्फत न्यायालयाकडून कामाच्या गावाजवळच्या ठाण्यात हजेरीची परवानगी घ्या, मुकादमाचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि परत येण्याचा अंदाज अर्जात लिहा. होळीला, त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला लोक गावी येतात, तोपर्यंतचा काळ तरी त्यात धरा. परवानगी घेऊनच गेलेल्याला कोणी पळून गेला म्हणू शकत नाही.

शिक्षेऐवजी परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची सोय १९५८ च्या कायद्यात आहे. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेत आली आहे, ती किरकोळ गुन्ह्यांपुरती: पहिल्यांदाच केलेली पाच हजारांच्या आतली चोरी, ज्यातला माल परत केला आहे, तिचा त्यात समावेश आहे. कोर्टात वकिलाने ते मागायला हवं, एरवी ते आपोआप पुढे येत नाही.

खर्चाचं

ई-मुलाकात, ई-कोर्ट्स, १५१०० आणि मोफत वकील, यांतल्या कशालाही सरकारी शुल्क नाही. सेवा केंद्रात फॉर्म भरून घेतला तर भरण्याची आणि प्रिंटची मजुरी द्यावी, ती त्यांच्या फलकावर असते. ‘लवकर मंजूर करून देतो’ म्हणून कोणी जास्त मागितले तर देऊ नका. मंजुरी कारागृहातून होते आणि केंद्रचालकाच्या हातात त्यातलं काहीच नसतं. नामंजूर झालेला अर्ज परत भरायलाही पैसे लागत नाहीत, फक्त आधी नामंजुरीचं कारण वाचा आणि चिठ्ठीशी ताडून पाहा.